खांबाआडचा बाक

रॉयस टॅकेटच्या कमरेचं पिस्तूल उडालं तेव्हा सगळं चर्च डोळे मिटून बसलं होतं. दानाची थाळी फिरून झाली होती, पाळक ब्रदर गॅरींची प्रार्थना नेहमीसारखी लांबली होती, आणि रॉयस ती पितळी थाळी दोन्ही हातांत धरून व्यासपीठापुढे उभा होता. ‘आमच्या रक्षणकर्त्यांना सांभाळ’ इथवर प्रार्थना आली आणि धाडकन आवाज झाला. पियानोवाल्या बाई पियानोखाली गेल्या. चर्चच्या रक्षक दलातल्या बाकीच्या गड्यांनी झटक्यात आपापली पिस्तुलं उपसली, आणि समोर शत्रू कोणीच नसल्यामुळे ती एकमेकांवर रोखली. ब्रदर गॅरी ‘आमेन’ म्हणाले म्हणून, नाहीतर त्या दिवशी पाइन फोर्क गावातले निम्मे बॅप्टिस्ट सरळ स्वर्गात जायचे.

गोळी रॉयसच्या बुटाच्या टाचेचा टवका उडवून, लाकडी जमीन भेदून तळघरात गेली आणि कॉफीच्या मोठ्या पिंपात घुसली. रॉयस धावत खाली गेला. पिंपाखालच्या टेबलावर कॉफीचा पूर आला होता, आणि त्या पुरात रविवारच्या शाळेतल्या पोरांनी रंगवलेले नोहाच्या तारवातले जिराफ भिजत पडले होते. पोरं नुकतीच वर आईबापांकडे गेली होती. रॉयस तिथल्याच एका छोट्या खुर्चीत मटकन बसला. त्याला रडू आलं, पण मागून जिन्यावर पावलं वाजली म्हणून त्याने ते गिळलं.

“माझे दोन्ही हात थाळीला होते,” तो वर येऊन म्हणाला. “तुम्ही पाहिलंत ना?”

कोणी पाहिलं नव्हतं. केंटकीच्या डोंगरातला बॅप्टिस्ट एक वेळ दारू पिईल, पण प्रार्थनेत डोळे उघडायचा नाही. थाळी तर दणक्यासरशी हातातून सुटून घरंगळत गेली होती. म्हणजे पाहिलं असेल ते एका देवाने, आणि तो काही चर्चच्या सभेत साक्षीला येत नाही.

“होतं असं, रॉयस,” टायरच्या दुकानातला डॉनी म्हणाला. डॉनी दलातला दुसऱ्या नंबरचा माणूस होता, आणि पहिल्या नंबरवर त्याचा डोळा होता. “माणसाचं बोट चुकून जातं.”

‘बंदूक आपणहून उडत नाही, बोट उडवतं’ हे वाक्य रॉयसचंच होतं. कौंटीच्या रस्ते खात्यातून निवृत्त झाल्यावर त्याने हे दल उभं केलं, तेव्हा सगळ्यांच्या टोप्यांवर ते शिवून घेतलं होतं. पिस्तूल कुठलं घ्यायचं हेही त्यानेच ठरवलं होतं. स्टॅनविक, आणि तेही सगळ्यांनी एकच. कॅटलॉग वाचून वाचून त्याने लोकांचे कान किटवले तेव्हा कुठे डॉनीने आपलं जुनं पिस्तूल विकलं होतं.

आणि दोन वर्षांपूर्वी म्हाताऱ्या व्हर्जिल साइझमोरचं स्टॅनविक चर्चच्या आवारात, गाडीचं दार लावताना उडालं, तेव्हा रॉयसने सगळ्यांदेखत त्याच्या डोक्यावरची टोपी काढून त्याला ते वाक्य मोठ्याने वाचायला लावलं होतं. व्हर्जिलने जन्मभर शाळेची बस चालवली होती, कधी एका पोराला खरचटू दिलं नव्हतं. त्याने वाक्य वाचलं, टोपी परत केली, आणि पुढच्या रविवारपासून तो मागे, गॅलरीला आधार देणाऱ्या विटांच्या खांबाआडच्या बाकावर बसू लागला. तिथून ना ब्रदर गॅरी दिसत, ना गाणाऱ्या बायका. बिचारा शरमेने लपतो, असं रॉयस म्हणे, आणि खरं सांगायचं तर त्याला त्यात थोडं बरंही वाटे. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला म्हणतात ते असं.

आता रॉयसला एकच गोष्ट हवी होती. चूक पिस्तुलाची होती, रॉयस टॅकेटची नव्हती, असं कंपनीने एका ओळीत लिहून द्यावं. ती ओळ तो चर्चच्या सभेत वाचणार होता आणि आपलं नाव परत मिळवणार होता. पिस्तुलाच्या पेटीवर आयुष्यभराची हमी छापलेली होती. त्याने फोन लावला. बँजोची तीच तीच धून वाजत राहिली, मग एक गोड आवाज आला.

“मिस्टर टॅकेट, मी केन्ड्रा. आज कसं वाटतंय आपल्याला?”

“पिस्तूल आपणहून उडालं, बाई. चर्चमध्ये.”

“अरेरे. ऐकून फार वाईट वाटलं. चाप ओढताना आपलं बोट—”

“बोट नव्हतंच. दोन्ही हातांत दानाची थाळी होती.”

“बरं. मग चाप कोणी ओढला?”

“कोणीच नाही!”

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. “‘मालकाला आठवत नाही’ असं लिहिते.”

रॉयसचा पारा चढला. स्वयंपाकघराच्या टेबलापाशी त्याची बायको नेल्डा शेंगा मोडत बसली होती. तिने हाताने ‘सबुरीने घे’ अशी खूण केली.

“अहो, आयुष्यभराची हमी आहे ना तुमची?”

“आहे ना, सर. बिघाडावर आहे. पण स्टॅनविकमध्ये बिघाड होत नाही, त्यामुळे ती कोणाला लागत नाही.”

“असं आजवर कोणाचंच झालं नाही?”

“नाही सर. आपण पहिलेच.” मग केन्ड्रा अगदी आईच्या मायेने म्हणाली, “पिस्तूल आपणहून उडत नसतं हो, सर. बोट उडवतं.”

रॉयसच्या हातून फोन पडायचा बाकी राहिला. नेल्डाने मान वर न करता शेंग मोडली.

“तुझी टोपी बोलायला लागली वाटतं,” ती म्हणाली.

पिस्तूल खोक्यात घालून कुरिअरने कारखान्याकडे गेलं, आणि रॉयस रिकाम्या कमरेने गावात फिरू लागला. गाव ते, सोडतंय होय! खानावळीत मॅज कॉफी ओतायला आली की म्हणे, “हात टेबलावर ठेव रे बाबा, हे एकच भांडं उरलंय माझ्याकडे.” न्हाव्याच्या दुकानात कोणी म्हणालं, मनगट ढिलं पडलं असेल. कोणी म्हणालं, वय झालं की बोटं वळवळतात. डॉनीच्या दुकानात तर टायर फुटला की सगळे एका सुरात ओरडत, “रॉयस!” तो हसण्यावारी नेई, आणि घरी आला की अर्ध्या ताटावरून उठे.

अखेर पिस्तूल परत आलं. सोबत तेलाची बाटली, कंपनीचं नाव असलेली नवी टोपी आणि एक पत्र होतं. पिस्तूल तपासलं, कुठलाही बिघाड आढळला नाही, तरी ग्राहकाच्या समाधानासाठी चाप आणि आतल्या दोन कमानी, म्हणजे स्प्रिंगा, बदलून नव्या घडणीच्या बसवल्या आहेत, तेही फुकट. रॉयसने पुन्हा फोन लावला.

“बिघाड नव्हता, तर बदललं कशाला?”

“सुरक्षित होतंच, सर,” केन्ड्रा म्हणाली. “आता ते आणखी सुरक्षित झालंय.”

“म्हणजे आधी कमी सुरक्षित होतं.”

“नाही नाही. आधी पूर्ण होतं.”

“मग आमच्या चर्चमध्ये बाकीच्यांकडे जी जुनी आहेत, त्यांचं काय?”

“ती पूर्ण सुरक्षित आहेत, सर. ज्यांना असमाधान वाटतं त्यांनी कळवावं. आम्ही स्वतःहून कोणाला असमाधानी करत नाही.”

“बाई, एवढंच लिहून द्या की बोट माझं नव्हतं.”

“ते आम्ही पाहिलं नाही ना, सर. पण खरंच सांगते, अशी तक्रार घेऊन येणारे आपण पहिलेच.”

फोन ठेवून रॉयसने नवी टोपी कोपऱ्यात भिरकावली. नेल्डाने पीचची फळं भरून भाजलेला ‘पाय’ भट्टीतून काढला.

“पहिला तू,” ती म्हणाली, “मग व्हर्जिल कोण होता?”

नेल्डाने ‘पाय’वर फडकं घालून तो रॉयसच्या हातात दिला आणि दार उघडून धरलं.

व्हर्जिल आपल्या घराच्या ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसला होता, पायाशी कुत्रं. रॉयसला पाहून दोघांपैकी कुत्रंच उठलं.

“मला वाटलंच होतं येशील,” व्हर्जिल म्हणाला. “‘पाय’ नेल्डाने केलाय की तू?”

“नेल्डाने.”

“मग ठेव इथं.”

“व्हर्जिल, तू तेव्हा कंपनीला फोन केला होतास?”

“केला की. पोरगी गोड बोलायची. म्हणाली, तुम्ही पहिलेच.” तो खळखळून हसला. “आपण दोघंही पहिले रे, लेका! त्या कारखान्यात दुसरा कोणी जन्मालाच येत नाही.”

रॉयसला हसू आलं नाही. व्हर्जिलही मग थांबला.

“कशाला आलास? माफी मागायला, की साक्ष मागायला?”

“साक्ष कसली? कोणीच पाहिलं नाही ते.”

“मी पाहिलं. तुझे दोन्ही हात थाळीवर होते, अंगठे वर. खांबाच्या कडेनं मान काढली की तेवढंच दिसतं मला.”

“पण प्रार्थना चालली होती—”

“माझं पिस्तूल उडाल्यापासून मी चर्चमध्ये डोळे मिटलेले नाहीत. एवढी जुनी स्टॅनविकं चहूकडे असताना देवावर कशाला भार टाकायचा? म्हणून तर विटांच्या मागे बसतो.”

“मला वाटलं, शरमेनं बसतोस.”

“शरम कशाची? मी काय केलं होतं?”

पोरांच्या छोट्या खुर्चीत गिळलेलं ते रडू इतक्या दिवसांनी रॉयसला पुन्हा आलं, आणि या वेळी ते गिळता आलं नाही. “मी सगळ्यांपुढे तुझी अब्रू घालवली, व्हर्जिल,” तो म्हणाला. “तू खरं बोलत होतास, आणि मी तुझी टोपी काढली.”

व्हर्जिलने त्याला नाक शिंकरू दिलं. “हे सगळ्यांपुढे म्हण,” तो म्हणाला. “मग मी साक्ष देतो.”

बुधवारी रात्रीच्या जेवणानंतर चर्चची सभा भरली. रॉयस उभा राहिला आणि म्हणाला, सगळ्यांपुढे, अडखळत का होईना. व्हर्जिलची माफी मागितली. कंपनीचं पत्र वाचलं, बदललेल्या कमानी सांगितल्या, आणि म्हणाला, “माझं राहू द्या. पण तुमची सगळ्यांची पिस्तुलं आधी कारखान्याला पाठवा. नव्या कमानी फुकट घालून देतात.” मग व्हर्जिल उठला आणि आपण काय पाहिलं ते त्याने सांगितलं.

ब्रदर गॅरींचा चेहरा गंभीर झाला.

“ब्रदर व्हर्जिल,” ते हळूच म्हणाले, “म्हणजे प्रार्थना चालू असताना तुमचे डोळे उघडे होते?”

“होते.”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कोणीतरी ‘प्रभू, प्रभू’ म्हणालं.

“किती दिवस चाललंय हे?”

पुढचा अर्धा तास सभेने पिस्तूल बाजूला ठेवून व्हर्जिलच्या डोळ्यांवरच खल केला. जो माणूस देवापुढे डोळे मिटत नाही त्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा तरी कसा, असं एका आजोबांनी विचारलं, आणि ते बऱ्याच जणांना पटलं.

मग डॉनी उठला. “पिस्तुलं पाठवली तर तोवर चर्चची राखण कोण करणार? आणि कंपनीच म्हणते, बिघाड नाही. बिघाड असता तर आपण एवढे दिवस तो कमरेला लावून बायकापोरांत फिरलो असतो. आपण असे आहोत का?”

“नाही!” दलातले सगळे म्हणाले. स्वतःला मूर्ख मानण्यापेक्षा रॉयसला थरथरत्या हाताचा मानणं कितीतरी सोपं होतं. मतं घेतली. डॉनी प्रमुख झाला. रॉयसला प्रेमाने, पाठीवर थोपटून, तळघरातल्या नव्या कॉफीच्या पिंपाचं काम दिलं. “मानाचं काम आहे, ब्रदर,” ब्रदर गॅरी म्हणाले.

रॉयसने ते काम घेतलं. पहिल्याच दिवशी त्याने पोरांचं रंगकामाचं टेबल ओढत ओढत तळघराच्या कोपऱ्यात, बरोबर वरून तळघरापर्यंत उतरलेल्या त्या विटांच्या खांबाच्या पायथ्याशी नेलं. पोरांच्या बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाला, इथं उजेड चांगला येतो. तिथं खिडकीच नव्हती. बाईंनी वर छताकडे पाहिलं, लाकडाच्या ठिगळाकडे पाहिलं, आणि खुर्च्या उचलायला हात लावला.

रविवारी रॉयस आणि नेल्डा वर आले. डॉनीचं दल भिंतींशी उभं होतं, टोप्या काखेत, स्टॅनविक कमरेला. रॉयसने पुढच्या आपल्या नेहमीच्या जागेकडे पाहिलं, मग मागे खांबाकडे. व्हर्जिलने सरकून जागा केली. तिथून खरंच काही दिसत नव्हतं, फक्त विटा.

भजन संपत आलं होतं तोच बाकाशी कोणीतरी येऊन थांबलं. कडेवर तान्हं, हाताला धरलेली दोन पोरं, आणि खांद्याला घसरत चाललेली पिशवी. ती शार्लीन होती, डॉनीची बायको.

“तिकडे पुढे फार गार वारा येतो बाई,” ती नेल्डाला म्हणाली. तिने नवऱ्याच्या बाजूला पाहणं टाळलं. “जरा सरकता का?”

ते सरकले. पोरं भिंतीकडच्या बाजूला बसवली. ब्रदर गॅरी म्हणाले, “आपण प्रार्थना करू या,” आणि सगळ्या चर्चने माना खाली घालून डोळे मिटले. रॉयसने कडेला नजर टाकली. शार्लीन तान्ह्याच्या डोक्यावर तळहात आडवा धरून बसली होती, आणि तिचे डोळे टक्क उघडे होते.