साहेब येणार म्हणून सजवलेली मशीन

मित्रांनो, सिमेंटच्या विटा पाडणारी मी एक जुनी मशीन आहे. जुनी म्हणा, चालेल. भंगार म्हणायचं असेल तर निदान माझ्या माघारी म्हणा.

सोलापुरातल्या एका कारखान्यात माझं लोखंड जोडलं गेलं आणि कुंभारीजवळ रत्नम्मानं भाड्यानं घेतलेल्या शेडमध्ये मला आणून बसवलं. दगडाची कच, सिमेंट आणि पाणी माझ्या तोंडात घालायचं, दांडा खाली ओढायचा, धडधड झाली की चार विटा ताठ उभ्या. इथल्या कामगारांच्या कितीतरी घरांच्या भिंती माझ्या पोटातून निघाल्या आहेत. गवंडी म्हणायचे, "रत्नम्माची वीट हाय, ठोकून बघायची गरज न्हाय." ते ऐकून मी जास्तच धडधडायचे. गर्व होता मला, नाही कशाला म्हणू?

रत्नम्माचं शिक्षण सहीपुरतं. पण वीट कच्ची आहे की माणूस, हे ती लांबून ओळखते. दर खंडेनवमीला ती मला धुऊन, तेल घालून, हार घालायची. तिचा मुलगा मल्लेश हसला तर म्हणायची, "तुज्यापेक्षा हिनं जास्त कमवलंय. गप नारळ फोड."

मग मोठ्या कारखान्याचे पांढरे, हलके ठोकळे आले आणि ठेकेदार तिकडे वळले. दोन पावसाळे मी गप्प उभी होते. दांड्यावर गंज चढला. दिवाळीपर्यंत काम सुरू झालं नाही तर जागा मोकळी करा, असं शेडच्या मालकानं सांगितलं.

तेवढ्यात मल्लेशनं बातमी आणली, बांधकामातल्या अडलेल्या धंद्यांना सरकार मदत देणार. अर्ज गेला. तपासायला साहेब येणार असं कळलं. पण मदत नेमकी कुणाला, अट काय, हे कुठंच लिहून लावलेलं नव्हतं. मग रत्नम्मानं आपल्या मनानंच ठरवलं. "चार लोकांत नाव हाय आपलं. साहेबाला गंज दाखवू व्हय?"

खंडेनवमी नसताना तिनं माझी खंडेनवमी केली. घासलं, निळा रंग दिला, हळदकुंकू लावलं. शेजारच्या वीटवाल्या हरिबाकडून दोन पोती सिमेंट उसनं आणलं आणि त्याच्याच विटांची थप्पी आमच्या दाराशी रचली.

साहेब आले. मी जीव तोडून चालले. एकही वीट वाकडी निघाली नाही. साहेब म्हणाले, "चांगलं चाललंय की तुमचं, मावशी."

रत्नम्मानं पदर सावरला. "आमचं कदी वाईट चालतच न्हाय."

मल्लेशनं मान खाली घातली. साहेबांनी कागदावर तेच लिहून नेलं. मदत होती बंद पडलेल्यांना. आमचा अर्ज नामंजूर झाला.

रत्नम्मा तडक कचेरीत गेली. परत आल्यावर माझ्यापुढं बसून तिनं मल्लेशला सगळं सांगितलं. "म्हटलं, आमाला न्हाय तर कुणाला दिली, तेवढं तरी सांगा. तर तिथला कारकून म्हणतोय, यादी ऑनलाइन हाय, आजी. म्हटलं, ऑनलाइन कुटल्या भिंतीवर हाय? मतदारांची यादी शाळेच्या भिंतीवर लावता, हिला खिळा मिळंना व्हय?"

"मग?"

"मग काय. त्यानं कॉम्प्युटर फिरवून दाखवला. यादी उघडलीच न्हाय."

"परत अर्ज करू की. खरं काय ते सांगू."

"मुदत संपली. आन आता खरं सांगितलं तर मीच खोटारडी." ती माझ्या निळ्या रंगाकडं बघत राहिली. "अट आदी कळली असती तर हिला गंजलेलीच दाखवली असती." मग हळूच म्हणाली, "न्हाय. तरीबी पुसलीच असती."

मित्रांनो, तुमच्यातला कुणी उद्या साहेब झाला, तर अटी आणि नावं दोन्ही भिंतीवर लावा. मोठ्या अक्षरांत लावा, म्हणजे सहीपुरतं शिकलेल्या बाईला नातवाकडून वाचून घेता येतील. आणि तपासायला गेलात तर मशीनचा रंग बघून परत फिरू नका. काल ती चालली होती का, ते विचारा. नीट विचारलं तर मानी माणूसही खरं सांगतो.

दिवाळी चार दिवसांवर आली आहे. दारात भंगारवाल्याचा टेम्पो उभा आहे. रत्नम्मा सवयीनं फडकं घेऊन आली, माझ्या दांड्यावर हात ठेवला आणि थांबली.

"ऱ्हाऊ दे," ती मल्लेशला म्हणाली. "हाय तशीच जाऊ दे."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं मला न पुसता परक्या माणसापुढं उभं केलं.