एकत्र कंपनीचं पहिलं नाटक

फेब्रुवारी २०२१मध्ये वृंदाच्या डोक्यात तिडीक जायला फार काही लागत नसे. घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी, स्टेंटच्या कारखान्यात दिवसभर मास्क, आणि त्यावर कडी म्हणजे दर रविवारी दुपारी झूमवर प्रतापचं दर्शन.

एकाच परदेशी शहराच्या दोन उपनगरांत दोन मराठी नाटकमंडळ्या होत्या: ल्यूकनची वृंदाची आणि ब्लँचर्डस्टाउनची प्रतापची. सहा वर्षं दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. गणपतीत कुणाची एकांकिका आधी, यावरून दोघांनी बोलणंच टाकलं होतं. मग लॉकडाउन आला, हॉल बंद पडले, कुणी भारतात अडकलं, कुणी नोकरीसाठी कॉर्कला गेलं. वृंदा धरून ल्यूकनकडे चार नट उरले, प्रताप धरून ब्लँचर्डस्टाउनकडे सहा. तेव्हा तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष मोरेश्वरकाका यांनी दोन फोन केले आणि दोन कंपन्यांची एक कंपनी झाली.

आता ऑनलाइन का होईना, पहिला प्रयोग कशाचा करायचा, हे ठरायचं होतं. प्रतापचा फार्स तयार होता. तीनदा झालेला, सगळ्यांना पाठ. वृंदाकडे होतं नवं नाटक. दोन वर्षं शिफ्टवरून आल्यावर ती ते लिहीत होती, आणि ते आता झालं नाही तर कधीच होणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

नाटक होतं १६८२च्या लंडनमधलं. तिथेही दोन नाटक कंपन्यांनी वर्षानुवर्षं एकमेकींच्या नाकावर टिच्चून प्रयोग लावले, आणि शेवटी पडती कंपनी चालत्या कंपनीत विरघळली. दोघींची जुनी नाटकं एका फडताळात आली, मग नव्याची गरज फारशी कुणाला राहिली नाही. वृंदाची नायिका त्या पडत्या कंपनीतली नटी. भूमिका रेवतीसाठी लिहिलेली. ल्यूकनच्या प्रत्येक नाटकात वृंदाची नायिका तीच असायची.

संहिता मेलवर गेली आणि कौतुकाचा पाऊस पडला. कंपनीतल्या अनिमेषला ती जबरदस्त वाटली. रेवतीने तर लिहिलं की शेवटी डोळ्यांत पाणी आलं. आठ जणांचा होकार आला. वृंदा आठवडाभर हवेत होती.

रविवारी प्रतापने नकार दिला. हे नाटक नको, एवढंच म्हणाला. वृंदा भडकली. सहा वर्षांची खुन्नस काढायला बरा मुहूर्त मिळाला, असं तिने तोंडावर सुनावलं, आणि बाकीच्या आठ जणांना आवडलंय त्याचं काय, हेही विचारलं.

प्रतापने तिची फाइल स्क्रीनवर उघडून दाखवली. रोमन अक्षरं, टिंबं, डॉलरची चिन्हं. पानंच्या पानं नुसता कचरा. वृंदाने संहिता पुण्याहून आणलेल्या जुन्या लॅपटॉपवर, जुन्या फॉन्टमध्ये टाइप केली होती. तो फॉन्ट नसेल तर अक्षरांचा असा कचरा होतो, आणि कंपनीत तो दुसऱ्या कुणाकडे नव्हता. आठापैकी एकालाही त्यातला एक शब्द वाचता आलेला नव्हता.

अनिमेषचा कॅमेरा बंद झाला. रेवतीने म्यूट काढलं.

"अगं, शिफ्टवरून दमून आले होते," ती म्हणाली. "म्हटलं, तुझं आहे म्हणजे ग्रँडच असणार."

डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणे. वृंदाला लॅपटॉप भिंतीवर आपटावासा वाटला. लाज, राग आणि रडू एकदमच आलं, आणि यातलं कुठलं आधी गिळावं ते तिला कळेना.

"मी नागपूरच्या मित्राकडून फॉन्ट मागवला," प्रताप म्हणाला. "दोनदा वाचलं. पहिला अंक फर्स्ट क्लास आहे. पण दुसऱ्यात कंपन्या एक होतात, बाईचं सगळं हातचं जातं, आणि बाई एक वाक्य बोलत नाही. का बोलत नाही? असं कोण गप्प बसतं, यार?"

सहा वर्षांत तिचं नाटक मन लावून वाचलेला हा पहिला माणूस, आणि तो नेमका प्रताप असावा, याचाच तिला जास्त संताप आला. त्याहून वाईट म्हणजे त्याच्या प्रश्नाचं उत्तर तिला माहीत होतं.

"मी बसले ना गप्प," ती म्हणाली. "मला ही एक कंपनी नकोच होती. काकांचा फोन आला आणि मी 'चालेल' म्हणून मोकळी झाले."

प्रताप म्हणाला, "मलाही नको होती. काका म्हणाले, वृंदाची फार इच्छा आहे."

कॉलवरचे मोरेश्वरकाका खाकरले. वेळ संपत आल्याची त्यांनी सगळ्यांना आठवण करून दिली आणि मत घेतलं. आठही जणांनी फार्सला हात वर केला. तालमी पुढच्या रविवारपासून तीन वाजता ठरल्या, आणि फार्समधलं सासूचं काम वृंदाला मिळालं.