तुमच्या देशात उपलब्ध नाही

चिखलीच्या वाहेद गादीवाल्याच्या पोरीनं इंग्रजीत पुस्तक लिहिलं अशी बातमी पेपरात आली, अन् त्या दिवसापासून वाहेदचे पाय काही जमिनीला लागेनात. पोरगी म्हणजे सफा. विलायतेत शिकायला गेली ती तिकडंच नोकरीला लागली. पुस्तक कागदाचं नव्हतं, फोनवर वाचायचं होतं, अन् कुण्या प्रकाशकाच्या पाया न पडता तिनं ते स्वतःच विकायला काढलं होतं. विषय काय, तर कापूस पिंजणाऱ्या गादीवाल्याचं घर. म्हणजे हेच घर की! वाहेदनं दुकानात येईल त्याला कात्रण दाखवलं, गादी भरायला आलेल्या माणसाला आधी चहा पाजला, अन् संध्याकाळी पोराला, जावेदला, फर्मान सोडलं की पुस्तक आत्ताच्या आत्ता विकत घे. घरात ही मंडळी आपसात हिंदी-उर्दू मिसळून बोलतात. मी आपलं वऱ्हाडीत सांगतो, गोड मानून घ्या.

जावेदनं बटण दाबलं. फोनवर उमटलं, हे पुस्तक तुमच्या देशात उपलब्ध नाही.

"उपलब्ध नाही म्हंजे काय बे?" वाहेद म्हणाला. "फुकट मागून राह्यलो का आपण?"

त्याच्या डोक्यात ते बसेचना. पोरगी चिखलीची, घर चिखलीचं, भिंतीला टांगलेली बापजाद्यांची कापूस पिंजायची धुनकी चिखलीची, अन् पुस्तक तेवढं चिखलीत मिळत नाही? साऱ्या जगाला विकता अन् ज्याच्या घरावर लिहिलं त्यालाच नाही? जावेदनं खटपट काही कमी केली नाही. फोन विलायतेत आहे असं भासवणारं ॲप टाकलं. मग पुस्तक दिसलं, वरचं चित्र दिसलं, भावही दिसला. पण पैसे भरायला गेला तर कार्ड इथल्या बँकेचं, पुन्हा तोच जबाब. मित्राचं कार्ड लावलं, तोच जबाब. वाहेदनं त्या कंपनीच्या सात पिढ्या उद्धरल्या, मग सरकारच्या, मग इंग्रजांच्या.

अन् दर वेळी स्वयंपाकघराच्या दारात पिठाच्या हातानं त्याची बायको खुर्शीदा उभी असायची. फोननं नाही म्हटलं की तिचा जीव भांड्यात पडायचा.

त्याचं कारण सांगायलाच पाहिजे, नाही तर पुढचं काही समजायचं नाही. या घरात सफाच्या आधीची एक पोरगी होती, सबीहा. बीबी गावात दिली होती. पहिलटकरीण, सहावा महिना, अंगात ताप, पायांवर सूज, अन् सासरची माणसं दवाखान्याचं नाव काढेनात. सबीहा तिथंच गेली, पोटातल्या जिवासकट. तेव्हापासून वाहेद एकच वाक्य बोलत आला, शेजाऱ्याला, गिऱ्हाइकाला, मशिदीच्या पायरीवर बसलेल्याला. "एक फोन करू देला असता माह्या लेकीले, तर ट्रक घेऊन गेलो असतो तिले आणाले." व्याह्याच्या दारात तो थुंकून आला होता. त्यानंतर बीबीचा कापूससुद्धा त्यानं दुकानात चढू दिला नाही.

फोन आला होता. खुर्शीदानंच उचलला होता. मले घेऊन जा, असं पोरगी म्हणाली, अन् खुर्शीदानं तिला समजावलं की सातवा लागला की रीतीनं आणायला येऊ. मधातच माहेरी आलीस तर लोक म्हणतील, नांदत नाही. मन वाईट नव्हतं तिचं. चार बाया बोलतात तेच ती बोलली. पोरीची माती झाल्यावर नवऱ्याला सांगावं असंही तिच्या मनात होतं. पण त्यानं ते ट्रकचं वाक्य म्हटलं, अन् तिचं तोंड मिटलं ते मिटलंच.

त्या दिवशी फोनच्या शेजारी पाटी-पुस्तक घेऊन बसली होती शाळकरी सफा. तिनं कधी काही विचारलं नाही. मोठी झाली, शिकली, निघून गेली. ईदेला फोन करते तर बापाशी बोलते, अन् आईला सलाम सांगा म्हणते.

आता घरावर पुस्तक लिहायचं म्हटल्यावर सबीहा येणार, अन् सबीहा आली की फोन येणार. खुर्शीदाला वाचता यायचं ते उर्दूपुरतं, पण एवढं तिला पुस्तक न वाचता कळत होतं. त्यामुळं अख्ख्या चिखलीत त्या कंपनीला दुवा देणारी ती एकटी बाई होती.

वाहेदनं पोरीलाच विचारलं होतं. सफा म्हणाली, कंपनीचे नियम आहेत, अब्बा, अन् तुमच्या कामाचं त्यात काही नाही. दुसऱ्या कुण्या बापानं ओळखलं असतं. हा वाहेद! त्याला वाटलं, पोरगी लाजते. मग त्यानं आपल्याकडची पद्धत काढली. जे इथं मिळत नाही ते येणाऱ्याच्या हाती मागवायचं. त्याचा पुतण्या मतीन कतारला क्रेन चालवतो. सुटीवर येताना तो कंबल आणतो, अत्तर आणतो, खजूर आणतो, मग पुस्तक काऊन नाही आणणार? मतीनचं खातं तिकडचं, कार्ड तिकडचं. त्यानं दोन मिनिटांत पुस्तक घेतलं, अन् सुटीवर आला तेव्हा खजुराच्या डब्यासोबत आपला फोन काकाच्या हातात ठेवला.

तोवर इकडं सत्काराचं ठरून गेलं होतं. वाचनालयाचा हॉल, शाल, नारळ, पेढे, अन् सफाला शाळेत इंग्रजी शिकवलेले अर्जुनराव सर पुस्तकातलं वाचून मराठीत सांगणार. सर म्हणाले, वाहेदभाई, मी आधी घरी एकदा वाचून घेतो. वाहेदनं फोन दिला नाही. गादीवाल्यांचा एक रिवाज आहे. नवी भरलेली गादी गिऱ्हाइकाच्या आधी कुणी वापरत नाही. कारागीर तिच्यावर टेकत नाही, लेकरू चढलं तर पाठीत धपाटा बसतो. हे पुस्तक पोरीच्या मायचं, वाहेदनं सांगितलं. पहिल्यानं तीच ऐकेल, अन् साऱ्यांच्या समोर ऐकेल.

खुर्शीदानं एकदाच धीर केला. आपण आधी घरात ऐकू, दार लावून, मग लोकांचं पाहू, असं ती म्हणाली. वाहेद तिच्याकडं पाहतच राहिला.

"सबीहाची अम्मी," तो म्हणाला, "तुले पोरीचा आनंद नाही झाला का?"

कारण सांगायचं तर सारंच सांगावं लागलं असतं. तेव्हा सांगितलं असतं तर निदान चार भिंतींत राहिलं असतं. पण माणूस शेवटच्या घडीपर्यंत म्हणत राहतं, नसेलही लिहिलं. तीही तेच म्हणाली अन् सत्काराला नेसायची साडी इस्त्रीला दिली.

हॉल भरला. खुर्शीदाला पहिल्या रांगेत बसवलं, शाल पांघरली. अर्जुनरावांनी चष्मा पुसून फोन डोळ्यांजवळ धरला. सुरुवात बहारीची होती. पोरीनं धुनकीचा आवाज लिहिला होता, बापाच्या भुवयांवर बसलेला कापूस लिहिला होता, त्याला लहानपणी ती म्हातारा समजायची ते लिहिलं होतं. लोक हसले. वाहेदनं डोळे पुसले अन् ते लपवलेही नाहीत. खुर्शीदालासुद्धा वाटायला लागलं की सुटलो.

मग सरांचं बोट थांबलं. ते मनातल्या मनात पुढं वाचत गेले, अन् त्यांनी फोन खाली ठेवला. घसा बसला म्हणाले, बाकीचं पुढं कधीतरी. भला माणूस, त्यानं झाकायला पाहिलं. पण वाहेदला वाटलं, म्हातारपण. त्यानं शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मॅडमला, अनुपमाला, हात जोडले. मॅडम हुशार अन् जबान भरभर चालणारी. वाचायचं अन् तिथल्या तिथं मराठी करायचं. पुढं काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं तोवर तोंडातून निघून गेलं होतं.

"ताईचा फोन आईनं घेतला. ताई रडत होती, ते मला फोनच्या बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. आई म्हणाली, सातवा लागू दे. मग तिनं फोन ठेवला आणि भाकरी थापायला बसली. अब्बा आजही सांगतात, फोन आला नाही. आई तेव्हा खाली बघत असते."

साऱ्यांनी खुर्शीदाकडं पाहिलं, अन् ती खाली बघत होती. शाल खांद्यावरून काढावी की राहू द्यावी हे तिला समजेना. वाहेद उभा होता, हात अजून मॅडमसमोर जोडलेले. कुणीतरी आभार मानून टाकले, माणसं उठली. पेढे मात्र कुणी सोडले नाहीत. दारात डबा घेऊन उभा राहिलेला जावेद देत गेला अन् ते तोंडात टाकत गेले.

घरी आल्यावर वाहेदनं सफाला फोन लावायला लावला, साऱ्यांना ऐकू येईल असा. जावेदनं झालं ते सांगितलं.

"अब्बा, ते तिकडं मिळायलाच नको होतं," सफा म्हणाली. "विकायला टाकताना विचारतात, कुठं कुठं विकायचं. मी साऱ्या दुनियेत चालू ठेवलं अन् आपल्याकडं बंद केलं. माह्या हातानं."

"काऊन?"

"अम्मी तिथं राह्यते म्हणून."

ज्या कंपनीला खुर्शीदा इतके दिवस दुवा देत होती, ती कंपनी नव्हतीच. तिची पोरगी होती. तिनं आईला वाचवायला दार लावलं होतं, अन् बापानं कतारहून किल्ली मागवली होती.

वाहेदनं विचारलं, जे लिहिलं ते खरं आहे का.

"कमीच लिहिलं, अब्बा," सफा म्हणाली, अन् फोन बंद झाला.

वाहेद बायकोकडं वळला. सबीहा जन्मली तेव्हापासून त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती.

"खुर्शीदा," तो म्हणाला. "कमी म्हंजे किती?"

आता लपवून कुणाचं भलं होणार होतं? "तीन खेपा आला फोन," ती म्हणाली. "तिसऱ्या खेपेले मी उचललाच नाही."

वाहेदनं पलंगावरची आपली गादी गुंडाळून खांद्यावर घेतली, अन् दुकानाच्या किल्लीसाठी जावेदपुढं हात केला.