रेशमी पिशव्यांचं दुकान

शोभनाने किल्ल्यांच्या खुंटीवरून एकेक करत सगळ्या पिशव्या काढल्या आणि डायनिंग टेबलवर ओळीने मांडल्या. काड्यापेटीएवढ्या, रेशमी, वर पांढऱ्या दोऱ्याची गाठ. लाल, जांभळी, मोरपिशी. एक मूळची गुलाबी असावी, पण गाडीच्या आरशाला लटकून लटकून तिचा रंग उडाला होता.

"ह्या कशाला घेतेस?" उल्हासने विचारलं. तो जमिनीवर बसून बॅगेचं वजन करत होता.

"ओसाकात दाखवायला. तुम्ही ज्या दुकानातून ह्या घेता ना, ते मला बघायचंय. तुमचा तो कॅसल, टॉवर, काय काय प्लॅन केलंय ते असू दे. मला एवढं एकच दाखवा."

"अगं, ते दुकान आता असेल का? किती वर्षं झाली."

"नसलं तर नसलं. गल्ली दाखवा."

उल्हासने बॅग पुन्हा एकदा काट्यावर ठेवली. वजन नुकतंच करून झालं होतं.

खरं सांगायचं तर असं दुकान कुठे नव्हतंच. उल्हास डेट्रॉईटजवळच्या एका कंपनीत गाड्यांच्या सुट्या भागांचा इंजिनियर. ओसाकाच्या एका पुरवठादाराकडे त्याला वर्षाआड तरी जावं लागे, आणि तिथे मोरीता नावाच्या गृहस्थाशी त्याची गाठ पडली. भला माणूस. पहिल्या एक-दोन खेपांनंतरच त्याने म्हटलं होतं, पुढच्या वेळी मॅडमना आणा, माझी बायको त्यांना शहर दाखवेल. न्यायला तशी हरकत काहीच नव्हती. उल्हासकडे विमानप्रवासाचे माइल्स साठले होते आणि मुलांना सांभाळायला ते राहत त्या नोव्हाय गावातली मराठी मंडळी एका पायावर तयार होती. पण उल्हासला ते दोन आठवडे आवडत. तिथे त्याला कोणी दूध आणायला सांगत नसे. शोभनाला नेलं तर तिच्यासाठी प्रत्येक हॉटेलात मांस नको, मासा नको, हे समजावत बसावं लागेल, तिचं इंग्रजी सावरावं लागेल, असं सगळं त्याच्या मनात आलं आणि तो बोलून गेला, "तिला विमानाची फार भीती वाटते."

घरी त्याने सांगितलं, "कंपनी बायकांना नेऊ देत नाही." दोन्ही दारांना कुलूप लागलं. विषय संपला, असं त्याला वाटलं.

विषय कसला संपतोय! मोरीताच्या बायकोने ती गोष्ट मनावर घेतली. निघायच्या दिवशी तिने त्याच्या हातात एक रेशमी पिशवी ठेवली. घराजवळच्या देवळातला ताईत होता तो, प्रवास सुखरूप व्हावा म्हणून घेतात तो. मॅडमना द्या, भीती जाईल. नोव्हायला आल्यावर उल्हासने ती पिशवी टेबलावर टाकली.

"माझ्यासाठी?" शोभनाने विचारलं. "तुम्ही स्वतः निवडलीत?"

"हो," उल्हास म्हणाला.

हीच शोभना एकीला कडेवर आणि एकाला बोटाला धरून, मध्ये दोन विमानं बदलून, एकटी नागपूरला जाऊन येत असे. तिचा चेहरा त्या टीचभर पिशवीने असा खुलला की नंतर उल्हासला खरं सांगायचा धीरच झाला नाही. दर खेपेला नवी पिशवी यायची. मोरीताकडे आणखी थोडी भीती सांगायची, घरी आणखी थोडं दुकान. कधी ते स्टेशनजवळ असे, कधी कालव्याकाठी.

आणि आता उल्हास रिटायर झाला होता. अनिका आणि ऋषीने आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला तिकिटं काढून दिली होती, तीही नेमकी ओसाकाची, कारण 'बाबा नोज द सिटी'. वर शोभनाचा हट्ट, मोरीतांना न भेटता यायचं नाही.

"इतकी वर्षं त्यांच्या घरी जेवलात. तोंड चुकवून येणं बरं दिसतं का?"

तिने मोरीतांसाठी भाजक्या पोह्यांचा चिवडा केला, त्यांच्या बायकोसाठी पैठणीच्या काठाची पर्स घेतली. उल्हासने मेल लिहायचं जितकं लांबवता येईल तितकं लांबवलं. शेवटी पाठवलं, तर लॅपटॉप मिटायच्या आत उत्तर हजर. आम्ही दोघं वाट बघतोय.

ओसाकात दोन दिवसांतच उल्हासच्या लक्षात आलं की आपल्याला हे शहर माहीतच नाही. हॉटेल, फॅक्टरी आणि मोरीताचं घर, एवढंच त्याचं ओसाका. कॅसलला तो तिला चुकीच्या बाजूने घेऊन गेला आणि अर्धा तास दोघं तटबंदीच्या बाहेरून चालत राहिली. शोभनाचा उजवा गुडघा दुखत होता, तरी ती कुरकुरली नाही. कॅसलच्या वरच्या मजल्यावरून तिने फोटो काढले, रात्री कालव्याच्या पाण्यात दिव्यांच्या पाट्या बघत कठड्याला टेकून उभी राहिली. आणि भाजीबाजारात तर तिने कमालच केली. एका टपरीवाल्या बाईला तिने नुसत्या हातवाऱ्यांनी मांस नको, मासा नको असं सांगितलं, त्या बाईनेही माशाची शेपटी हलवून दाखवत नको ना, असं विचारलं, दोघी पोट धरून हसल्या, आणि शोभना कागदात गुंडाळलेलं भाजलेलं रताळं घेऊन आली.

"घ्या. उपासाला चालेल असं आहे."

उल्हासने रताळं हातात घेतलं. हिला आपण इतकी वर्षं ओझं समजलो, असं त्याला वाटलं.

एखादी छोट्या दुकानांची गल्ली दिसली की शोभना सावकाश चालायची.

"इथेच का हो?"

"नाही. इथे नाही."

"आठवा ना जरा. इतक्या वेळा आलात."

रात्री खोलीत दशमी आणि लसणाची चटणी खाताना त्याने सुरुवात केली.

"शोभना, त्या पिशव्यांचं..."

"हं?"

तिने इतक्या उत्सुकतेने मान वर केली की त्याचं अवसान गळालं.

"उद्या शोधू," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मोरीताकडे जायचं होतं. शहराच्या दक्षिणेला, एका डब्याच्या जुन्या ट्रॅमने. स्टॉपवर मोरीता नवराबायको उभी होती. मोरीताचे केस आता पुरते पांढरे झाले होते. त्याची बायको लहानखुरी, डोक्यावर कापडी टोपी. तिने वाकून नमस्कार केला, मग शोभनाचे दोन्ही हात धरले आणि सोडलेच नाहीत. समोरच्या देवळात जायला एक लाल कमानदार पूल होता, चांगलाच उभा. चढताना आणि उतरताना तिने शोभनाचा दंड घट्ट धरून ठेवला.

"किती काळजी घेतात," शोभना उल्हासला मराठीत म्हणाली. "तुम्ही माझ्या गुडघ्याचं सांगितलं होतंत का?"

उल्हास काहीतरी पुटपुटला.

देवळाच्या आवारात एका बाजूला छोटी खिडकी होती. आत पांढऱ्या वेषातल्या दोन मुली बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर लाकडी ट्रेमध्ये रेशमी पिशव्या रचलेल्या होत्या. लाल, जांभळ्या, मोरपिशी. वर पांढऱ्या दोऱ्याची गाठ.

शोभना जागच्या जागी थांबली.

"अहो! हेच का ते?"

आता सांगता आलं असतं. मोरीता चार पावलं मागे होता आणि बोलणं मराठीत चाललं होतं. एक वाक्य पुरलं असतं, आणि जे व्हायचं ते निदान त्याच्या तोंडून झालं असतं.

"हो," उल्हास म्हणाला. "हेच."

"बघा, म्हणजे सापडलं की नाही!" शोभनाने पर्समधून आपल्या पिशव्यांचा जुडगा काढला आणि खिडकीवरच्या नव्या पिशव्यांशेजारी धरला. विटलेली गुलाबी सगळ्यांत वर होती.

मोरीताच्या बायकोने तो जुडगा पाहिला आणि तोंडावर हात ठेवला. मग ती नवऱ्याकडे वळून भरभर बोलू लागली, मध्येच डोळे पुसू लागली. मोरीता हसतहसत इंग्रजीत सांगू लागला.

"ती म्हणते, तुम्ही सगळे जपून ठेवलेत. तिला माहीत नव्हतं. उल्हास-सान परत जायला निघाले की ती इथे यायची, तुमच्यासाठी ताईत घ्यायची. तुमची विमानाची भीती जावी म्हणून. आम्ही दर वेळी विचारायचो, या वेळी आल्या का? आज तुम्ही आलात. ती फार खूश आहे."

शोभनाचा हात खिडकीवरच राहिला. तिने मान वळवून उल्हासकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. रस्त्यात कोणी ओळखीचं वाटावं आणि नाव आठवू नये, तशी ती त्याच्याकडे बघत होती. उल्हासने नजर खाली केली. जमिनीवर पांढरी खडी पसरलेली होती.

मग शोभना मोरीताच्या बायकोकडे वळली आणि आपल्या साध्या, मोडक्या इंग्रजीत म्हणाली,

"हो. फार भीती वाटायची. तुमच्या ताइतांनी गेली. थँक यू."

मोरीताच्या बायकोने तिथल्या तिथे आणखी एक घेतला, हिरवा, परतीच्या प्रवासासाठी. उल्हासचा हात पाकिटाकडे गेला.

"राहू द्या," शोभना म्हणाली. "त्या देतायत."

दुपारी मोरीताच्या घरी ती पोटभर जेवली. त्यांनी तिच्यासाठी मुद्दाम भाताचे आणि भाज्यांचे प्रकार केले होते. चिवड्याच्या डब्याने तर धमाल उडवली. तिने एका शब्दानेही उल्हासला उघडं पाडलं नाही. ती चारचौघांत भांडली असती तर बरं, असं त्याला राहून राहून वाटत होतं.

परतताना ट्रॅम जवळजवळ रिकामी होती.

"शोभना, मी..."

"त्यांनी पहिल्यांदा कधी बोलावलं होतं मला?"

तो आठवू लागला. म्हणजे आठवत असल्यासारखं करू लागला.

"ऋषी दुसरीत होता."

शोभना खिडकीबाहेर बघत होती. घरांच्या मागच्या बाजू, वाळत घातलेले कपडे, कुंड्या जात होत्या.

"तेव्हा माझे गुडघे चांगले होते," ती म्हणाली.

त्यानंतर ती त्या विषयावर बोलली नाही. उरलेले दिवस त्यांनी ठरल्याप्रमाणे सगळं पाहिलं. टॉवर, मत्स्यालय, नदीवरची बोट. फक्त छोट्या दुकानांच्या गल्ल्या आल्या की ती आता थांबत नसे.

विमानतळावर ती गेटपाशी बसली तेव्हा उल्हास पाय मोकळे करायला म्हणून दुकानांकडे गेला. रेशमी स्कार्फ टांगलेले होते. शोभनाला कोणता रंग आवडतो? हिरवा? जांभळा? घरातल्या पडद्यांचा रंग त्याला आठवला, पण ते तिने निवडले होते की अनिकाने, हे आठवेना. विकणारी मुलगी हसून एकामागून एक स्कार्फ उलगडत राहिली. शेवटी त्याने तिलाच म्हटलं, तू निवड. तिने निळा निवडला. त्याने तो कागदी पिशवीत घालून केबिन बॅगेत ठेवला आणि परत येऊन शोभनाशेजारी बसला.

डेट्रॉईटला अनिका घ्यायला आली होती. घरी पोचल्यावर तिने चहाचं पाणी ठेवलं, उल्हास बॅगा आत घेत होता. शोभना कोटही न काढता किल्ल्यांच्या खुंटीपाशी गेली आणि पर्समधून एकेक पिशवी काढून पुन्हा अडकवू लागली.

"ऊ, न्यू वन!" अनिका म्हणाली. "ग्रीन! बाबा, गुड चॉइस!"

"बाबांनी नाही आणली," शोभना म्हणाली. "माझ्या मैत्रिणीने दिली."

"विच मैत्रीण? तुझी ओसाकात मैत्रीण आहे?"

"आहे. खूप जुनी. ह्या सगळ्या तिनेच पाठवल्यात. मलाच माहीत नव्हतं."

अनिकाला काही कळलं नाही. तिने एकदा आईकडे पाहिलं, एकदा बाबांकडे.

"वेट. मग बाबांनी काय आणलं तुला?"

शोभनाचा हात थांबला. ती वळली आणि उल्हासकडे बघत उभी राहिली, खरोखर उत्तराची वाट बघत असल्यासारखी. उल्हास केबिन बॅगेशी वाकला होता. त्याची बोटं आतल्या कागदी पिशवीवर होती, त्या दुकानातल्या मुलीने निवडलेल्या स्कार्फवर.

"काही नाही," तो म्हणाला.

शोभनाने मान हलवली. मग ती विटलेली गुलाबी पिशवी तिने जागेवर अडकवली आणि कोट काढला.