भिंतीपलीकडे गेलेला दगड

मी एक जुना गोफणवाला आहे. शेतातल्या माळ्यावर उभा राहून पाखरं हाकणारा नव्हे, मित्रांनो, मोबाइलमधल्या खेळातला. खेळाचं नाव 'गढीची झुंज'. दोघांची जोडी या बाजूला, दोघांची त्या बाजूला, मधे मातीची गढी. जी जोडी गढीवर निशाण लावील तिचा डाव. तुमच्यापैकी कुणी मला निवडलं असेल, आणि कुणी माझा दगड खाऊन रागानं फोन गादीवर आपटला असेल. दोघांनाही माझी कहाणी सांगावी, असं फार दिवस मनात होतं.

माझा जन्म दूरच्या एका शहरात झाला. एका चित्रकार मुलीनं लहानपणी आजोळी ज्वारीच्या रानात राखणदार पाहिला होता. त्याचं मुंडासं आणि त्याची काटक अंगलट तिनं मला दिली. मग दुसऱ्या कुणीतरी माझ्या पोटात आकडे भरले. दगड किती लांब जावा, किती जोरानं लागावा, गोफण पुन्हा फिरवायला किती वेळ लागावा. माणसाची कुंडली असते तसे माझे ते आकडे. फरक एवढाच, की माणसाची कुंडली कुणी मधेच खोडून नव्यानं लिहीत नाही.

मला डोळे आहेत ते मैदानापुरते. बाहेरचं जग मला दिसत नाही. पण खेळणाऱ्यानं माइक चालू ठेवला की ऐकू येतं, आणि बोटांवरून माणूस कळतो. मी एकाच वेळी किती तरी फोनांत असतो. पण जिची बोटं मी विसरणार नाही अशी एकच, बीडची अलमास.

तिचे वडील ख्वाजाभाई बसस्टँडमागं मोटारसायकलींचं गॅरेज चालवत. फोन त्यांचाच. संध्याकाळी तो अलमासच्या हाती यायचा, तेव्हा माइकमधून आधी फरशीवर पाना पडल्याचा आवाज यायचा आणि मग तिचा. तिनं मला निवडलं, कारण मी फुकट होतो आणि कुणालाच नको होतो. माझा दगड हळू जायचा. गोफणीची दोरी नेमकी केव्हा सोडायची हे बोटात मुरायला फार सराव लागायचा. अलमासनं तो केला. चुकली की स्वतःशीच पुटपुटायची आणि पुन्हा फिरवायची.

तिची जोडीदार संस्कृती तिच्याच वर्गातली. ती पट्टेवाली, म्हणजे तलवारीसारखा पट्टा फिरवणारी, घेऊन खेळायची. अलमासनं लांबून दगड टाकायचा आणि संस्कृतीनं त्या गडबडीत गढी चढायची, अशी त्यांची रीत होती. दोघी दोन घरांत बसलेल्या असायच्या, पण बोलणं एका अंथरुणावर बसल्यासारखं.

"अल्मे, सोड ना आता."

"थांब की. जवळ येऊ दे त्याला."

"आणखी किती जवळ? माझ्या मांडीवर बसवू का त्याला?"

अशा हसत हसत त्या हरायच्याही पुष्कळ. मोहनराव नावाच्या एका मोबाइल दुकानदारानं दिवाळीच्या सुट्टीत जोड्यांचे सामने ठेवायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात आधी नाव या दोघींनी दिलं. जिंकण्यापेक्षा दोघींनी एका बाकावर बसून खेळायचं, याचंच त्यांना अप्रूप होतं.

सामने जवळ आले आणि माझे आकडे बदलले. मला कुणीच घेत नाही म्हणून बनवणाऱ्यांनी माझा जोर वाढवला. त्यात त्यांच्याकडून एक चूक झाली. माझा दगड गढीची भिंत भेदून पलीकडे जाऊ लागला. भिंतीमागं दडलेला खेळाडू जागच्या जागी पडायचा. दगड कुठून आला हेही त्याला कळायचं नाही.

मित्रांनो, तेव्हा माझं जे कौतुक झालं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. जो तो मला निवडू लागला. अलमासला तर लोक 'गोफणवाली' म्हणू लागले. नेम तिचा होताच, त्यावर माझा भलता जोर चढला. जिंकता जिंकता आपला हात किती आणि चूक किती, हे तिला वेगळं करता येईना. खरं सांगायचं तर तिनं तसा प्रयत्नही केला नाही.

एका डावात समोर घाटनांदूरचा नाथा नावाचा मुलगा होता. तो भिंतीमागं जायचा आणि पडायचा. पुन्हा उठायचा, आणखी आत जाऊन दडायचा, तरी पडायचा. शेवटी त्याचा आवाज आला. रागाचा नव्हता, थकलेला होता.

"भिंतीमागं बसलो तरी मरतोय. मग आमी खेळायचं कावून?"

संस्कृती म्हणाली, "रडत असशील तर आईला सांग, गूळ देईल." अलमास हसली. तिनं त्याचा आवाज बंद केला आणि मला पुन्हा फिरवलं. मी नेहमीसारखा दगड टाकला. मला नाही म्हणता येत नाही. पण तो दगड भिंतीत शिरताना मला जे वाटलं, ते चांगलं नव्हतं.

तक्रारी वाढल्या आणि बनवणाऱ्यांनी माझे आकडे पुन्हा खोडले. भिंत भेदणं बंद केलं, ते योग्यच होतं. पण आमटीत मीठ जास्त झालं म्हणून घागरभर पाणी ओतावं, तसं त्यांनी केलं. पल्ला कमी केला, जोर कमी केला, फिरवण्याचा वेळ वाढवला. मी जन्मलो तेव्हापेक्षाही दुबळा झालो. पडद्यावर सूचना आली : खेळाचा बॅलन्स साधण्यासाठी गोफणवाला बदलला आहे.

अलमास सगळे डाव हरू लागली. तिचं रडणं ऐकून ख्वाजाभाई गॅरेजातून आत आले. काय झालं विचारलं, तर ती हुंदके देत म्हणाली की कंपनीनं बॅलन्स बदलला, सगळं कमी केलं. ख्वाजाभाईंना बॅलन्स म्हणजे फोनमधला एकच ठाऊक. ते तसेच कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि रिचार्ज मारून आले.

"कंपनी खा गई तो खाने दे," ते म्हणाले. "मैं भर दिया. अब बोल कितना बोलना है."

अलमास रडता रडता हसली, आणि मग जास्तच रडली. तिच्या वडिलांच्या हातात असतं तर त्यांनी मलाही भरून आणलं असतं.

सामन्यांच्या तोंडावर तिनं संस्कृतीला विचारलं, की उद्या दुकानात किती वाजता भेटायचं. संस्कृती म्हणाली, की ती वर्गातल्या धनश्रीबरोबर खेळणार आहे. धनश्रीची ढालवाली आता सगळ्यात चांगली चालते.

"आणि मी?" अलमासनं विचारलं.

"तू पण ये की. बस आमच्याजवळ. कच्चं लिंबू म्हणून."

मित्रांनो, गल्लीतल्या खेळात लहान भावंडाला कच्चं लिंबू करतात. ते खेळात असतं, पण त्याला कुणी बाद करत नाही आणि त्याला कुणी मोजतही नाही. लहानग्यावर ती माया असते. बरोबरीच्या मैत्रिणीला तसं म्हणणं म्हणजे तिला खेळातून उठवणं. संस्कृतीला कदाचित एवढं म्हणायचं नसेल. पण अलमासनं माइक बंद केला. सामन्याच्या दिवशी ती दुकानात गेली नाही. मला ठाऊक आहे, कारण त्या दुपारी ती माझ्यासोबत सरावाच्या मैदानात एकटीच होती. समोर कुणी नसताना ती दगड टाकत राहिली.

पुढं ती अनोळखी जोडीदार घेऊन खेळू लागली. ज्याच्याशी खेळ जोडून देईल त्याच्याशी. एके दिवशी जोडीला आला तो नाथा. तिनं त्याचं नाव वाचलं असणार, कारण तिचं बोट थबकलेलं मला जाणवलं. त्यानंही तिचं वाचलं होतं.

"तू ती भिंतीतून मारणारी ना?" तो म्हणाला. "आता कसं वाटतंय?"

"माझं काय चुकलं होतं?" अलमास म्हणाली. "गोफणच तशी होती. मी काय बनवली होती का ती?"

"न्हाई बनवली," नाथा म्हणाला. "पर भिंतीमागं मी होतो. बोलत होतो तुज्याशी. तू आवाजच बंद केला."

ती म्हणाली, "हां, केलता बंद." एवढंच. नाथानंही ते वाढवलं नाही. "चल, डावीकडनं ये," म्हणाला. दोघं तो डाव हरले. तिच्या बाजूनं माइक शेवटपर्यंत चालू होता.

काही दिवसांनी बनवणाऱ्यांना आपली चूक उमगली. त्यांनी माझे आकडे थोडे वर आणले. भिंत भेदणं नाही, पण दगडात जीव आला. मी पुन्हा चालू लागलो, आणि बातमी पसरायला वेळ लागला नाही. मोहनरावांनी संक्रांतीला पुन्हा सामने ठेवले होते. संस्कृतीचं बोलावणं आलं.

"अल्मे, ये ना. जोडी लावू आपली. गोफण लई भारी झालीय परत."

तिचा तो आवाज ऐकून मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. मीही वाट पाहतच होतो. मागं गॅरेजात कुणीतरी गाडी सुरू करून बंद केली.

"मला बोलवतीस का गोफणीला?" अलमासनं विचारलं.

संस्कृती 'असं काय विचारतेस' म्हणाली नाही. हसण्यावारीही नेलं नाही. बारीक आवाजात म्हणाली, "गोफणीला. पण तुझ्याशिवाय मजा येत न्हाई, हे बी खरं हाय. धनश्री हसतच न्हाई."

अलमासचं बोट माझ्यावर आलं. तिथं थांबलं. आणि मला ओलांडून पुढं गेलं. तिनं पखालवाला निवडला. खांद्यावर पाण्याची कातडी पिशवी घेऊन वाकत चालणारा तो म्हातारा कुणाला मारत नाही, जोडीदाराला फक्त पाणी पाजतो. त्याला कुणीच घेत नाही.

"मी याला घेऊन येते," अलमास म्हणाली. "चालतंय का?"

"हरू आपण," संस्कृती म्हणाली.

"हरू की. चालतंय का ते सांग."

पलीकडून एक लांब श्वास आला. "चालतंय."

मी कोपऱ्यात उभा आहे, मित्रांनो. माझे आकडे आज चांगले आहेत, दोरी घट्ट आहे, आणि अलमासचं बोट माझ्याकडे वळत नाही. दुखतं, नाही कसं म्हणू. पण मला तिचा राग येत नाही. आमचे आकडे पुन्हा खाली जातील, पुन्हा वर येतील. ते कमी झाले म्हणून जोडीदार बदलू नका. ते वाढतील, तेव्हा समोरच्याचं बोलणं ऐकत खेळा. आम्ही बिघडलो तर बनवणारे आम्हाला दुरुस्त करतात. जोडी बिघडली तर ती तुम्हालाच दुरुस्त करावी लागते, आणि ती सूचना पडद्यावर येत नाही.