कॅलेंडरातली सुई

जयराजच्या पत्राला जवाहरअण्णांनी उत्तर दिलं नव्हतं. गौरी जेवल्या, गणपती गेले, तरी ते पत्र अण्णांच्या टेबलावरच्या एका जाड पुस्तकात खूण म्हणून पडून होतं.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत जवाहरअण्णा चौगुल्यांचं लहानसं वर्कशॉप आहे. लोखंड कातायला दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि तीन कामगार. वर्कशॉप वडिलांनी उभं केलेलं. अण्णांचा जीव मात्र पुस्तकांत. आवाज चढवणं त्यांना आयुष्यात जमलं नाही. कामगारांशी बोलायचं म्हटलं की आधी मनात वाक्यं जुळवायचे, आणि तोवर बोलायची वेळ निघून जायची.

जयराज त्यांचा टर्नर, म्हणजे लेथवरचा कामगार, शिराळ्याकडचा. रक्तदान शिबिरात रक्त दिलं आणि तपासणीत त्याला हिपॅटायटिस सी निघाला. त्याला हे लपवता आलं असतं. पण त्यानं सकाळी मशीन सुरू करायच्या आधी सगळ्यांना सांगितलं, "गड्यांनो, लिव्हरचा आजार हाय. सरकारी दवाखान्यातनं गोळ्या चालू झाल्यात. दोन-तीन म्हैन्यांत बरा व्हतो म्हणालेत डॉक्टर."

दुपारी त्याचा चहाचा पेला खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर गेला. दुसऱ्या दिवशी डबे सोडायला अंथरायचा कागद त्याच्यापासून लांब सरकला. मग अण्णाच त्याला म्हणाले, "काही दिवस गावी राहा. बघू."

तो गेला. आठवड्याभरानं पत्र आलं.

"अण्णा, फोनवर तुम्ही नुसतं हं हं करता, म्हणून लिहितोय. थकवा येतो, कधी डोकं दुखतं. पण सकाळच्या पाळीचं काम मला झेपतं. डॉक्टरांची कामाला हरकत नाही. गोळ्या सांगलीतच मिळतात, कामावर असलो तर तिथनंच घेता येतील. इथं वडील, आबा, मला ओसरीवर वेगळं ताट देतात. म्हणतात, मालकानं घरी बसवलं म्हणजे दुखणं वाईटच असणार. तुम्ही चार ओळी लिहून द्या, त्यांना दाखवीन. उत्तर आलं नाही तर मी काय ते समजेन. मग सांगलीला येणंही व्हायचं नाही आणि गोळ्याही सुटतील."

अण्णांनी या आजाराविषयी मिळेल ते वाचून काढलं होतं. पेल्यानं, ताटानं, शेजारी बसल्यानं तो होत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक झालं होतं. पण हे तात्याबापुढे बोलायचं कसं? तात्याबा म्हणजे वडिलांच्या वेळचा फिटर. त्यानं स्पष्ट सांगितलं होतं, "त्यो आला तर आमी न्हाई."

अखेर एके दिवशी अण्णांनी पत्नीला पत्र दाखवलं. त्रिशलाकाकी निवृत्त परिचारिका. पत्र वाचून त्या एवढंच म्हणाल्या, "इतके दिवस?" आणि दुपारी डबा घेऊन स्वतःच वर्कशॉपवर आल्या.

"तात्याबा, जयराजला परत बोलवायचं आहे."

"काकी, तुमी ह्यात पडू नका. माणूस लय चांगला, आमी कुठं न्हाई म्हणतोय? पण आमाला बायकापोरं हायती."

"त्यालाही आहेत."

"मग त्येनं त्येंच्यापाशी ऱ्हावं की! हितं कशाला?"

एवढ्यात दुसऱ्या लेथवरचा तरुण शिवतेज ओरडला, "आई गं!" लोखंडाचं बारीक कुसळ बोटात घुसलं होतं. तात्याबा सवयीनं उठला. भिंतीवरच्या कॅलेंडरात खोचलेली सुई त्यानं काढली, पँटला पुसली आणि शिवतेजचं बोट धरलं.

"बायको मिळाली की ओरड, आता गप."

कुसळ निघालं. रक्ताचा थेंब आला. तात्याबानं चिंधीनं बोट पुसलं, त्याच चिंधीनं सुई पुसली आणि पुन्हा कॅलेंडरात खोचली.

काकींनी कॅलेंडराकडे बोट दाखवलं.

"तात्याबा, ही सुई कुणाची?"

"कुणाची म्हंजी? सगळ्यांची. हितं कुणाला बी कुसळ गेलं तर मीच काढतोय. परवा अण्णांचं बी काढलं."

"आणि जयराजचं?"

"त्येचं तर सारखंच असायचं..." बोलता बोलता तात्याबा थांबला.

शिवतेज आपल्या बोटाकडे पाहत होता. अण्णांनी नकळत अंगठा मुठीत लपवला.

"म्हंजी त्येनं आमाला दिला रोग!" तात्याबाचा आवाज चिरकला.

"का इथून त्याला मिळाला? कोण सांगणार?" काकी म्हणाल्या. "हा आजार रक्तातून रक्तात जातो, तात्याबा. पेल्याला रक्त लागत नाही, भाकरीला लागत नाही. सुईला लागतं. तुम्ही पेला बाहेर काढलात आणि सुई आत ठेवलीत!"

केवढी ही चूक! आणि ती रोज डोळ्यांसमोर टांगलेली होती! अण्णांनी आजार पुस्तकांत शोधला. कॅलेंडरावर तारीख तेवढी पाहिली.

"घाबरू नका," काकी शांतपणे म्हणाल्या. "सुई टोचली म्हणजे आजार झालाच, असं नसतं. झाला तरी बरा होतो. पण आता तपासायला चला. सगळेच."

सांगलीच्या सरकारी दवाखान्यात रांगेत तिघं एकामागे एक बसले. प्रत्येकासाठी नवी सुई पाकीट फोडून निघत होती. तात्याबा प्रत्येक पाकिटाकडे टक लावून बघत होता. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळणार होते.

बाहेरच्या बाकड्यावर शिवतेजनं विचारलं, "अण्णा, माझा रिपोर्ट वंगाळ आला तर? मला बी घरी बसवनार?"

"बघू" हा शब्द अण्णांच्या ओठांवर आला. त्या एका शब्दावर जयराज महिनाभर ओसरीवर जेवत होता! अण्णांनी तो गिळला.

"नाही," ते म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की शेजारच्या बाकड्यावरच्या बाईनं वळून पाहिलं. "कुणीही घरी बसणार नाही."

तात्याबा खाली मान घालून पुटपुटला, "मग जयराजला का बसवला आपण?"

अण्णांनी खिशातून कधीचं आणून ठेवलेलं आंतर्देशीय पत्र काढलं आणि तिथंच हातातलं पुस्तक मांडीवर धरून लिहायला घेतलं.

"चि. जयराज, सोमवारपासून कामावर ये. सकाळची पाळी तुझी. थकवा आला तर मशीन बंद करून बसायचं, कुणाला विचारायचं नाही. गोळी चुकवायची नाही. तुझ्या आबांना सांग, तुझ्यात खोट नव्हती. आम्ही घाबरलो, आणि मी गप्प राहिलो. पुढचे रिपोर्ट घ्यायला मी तुझ्यासोबत येईन."

"खाली माझं बी नाव घाला," तात्याबा म्हणाला.

"आणि लिवा, तुजा पेला तात्याबा सोता घासून आत ठेवनार हाय," शिवतेज म्हणाला.

"गप रं!" तात्याबा खेकसला. मग हळूच म्हणाला, "लिवा अण्णा. ठेवीन."

मित्रहो, आजाराशी लढायचं सोडून आपण आजाऱ्याशीच लढतो. आपल्या कारखान्यात, कचेरीत, केस कापायच्या दुकानात एकच सुई, एकच ब्लेड किती हातांतून फिरतं, ते आधी पाहू या. ते बाहेर काढू या. माणसाला मात्र आपल्या पंगतीतच बसवू या. उपचार घेणाऱ्याला गोळीइतकीच त्याच्या जागेची गरज असते.

दवाखान्याच्या फाटकाबाहेर टपालपेटी होती. तात्याबानं अण्णांचा हात धरला.

"अण्णा, उद्या आपले रिपोर्ट बघूनच पत्र टाकायचं का?"

"नको," अण्णा म्हणाले. "आपलं रक्त कसंही निघो, जयराजला द्यायचं उत्तर तेच आहे."

आणि त्यांनी पत्र पेटीत टाकलं.