अमोनियाची बिस्किटं

टिटवाळ्याच्या नव्या इमारतीत, नवव्या मजल्यावर, विनिताचं स्वयंपाकघर हीच तिची बेकरी होती. ऑर्डरी केकच्या यायच्या, पण तिला ध्यास कुरकुरीत बिस्किटांचा. सोडा घातला की ती पसरायची आणि जिभेवर साबणासारखी चव रेंगाळायची. सोड्याला दह्या-लिंबासारखं काही आंबट मिळालं तरच तो पुरता जिरतो, नाहीतर तसाच उरतो, एवढी केमिस्ट्री तिला कॉलेजातली आठवत होती. म्हणून तिने कल्याणच्या बाजारातून बेकरीवाले वापरतात तो अमोनिया आणला. पांढरी भुकटी, तापली की सगळीच्या सगळी वायू होऊन उडून जाणारी.

दुपारी उन्हात पिठाचे कण संथ तरंगत होते. टेबलापाशी तिचे बाबा उत्तमराव डुलक्या घेत होते. तिने अमोनियाची डबी उघडली आणि ते एकदम ताठ बसले.

"विनू, वास आला."

करोनाच्या तापात त्यांना वास येणंच बंद झालं होतं. तेव्हापासून चहा म्हणजे नुसतं गरम पाणी आणि जेवण म्हणजे उरकायचं काम. आता ते उठले, वेलची हुंगली, चहाची पूड हुंगली, कढीपत्ता चुरगळून नाकाशी धरला. कशालाच काही नव्हतं. ते पुन्हा डबीकडे आले. डोळ्यांत पाणी, ओठांवर लहान मुलासारखं हसू.

विनिताला कारण कळलं होतं. गप्प बसणंही सोपं होतं. तिने हात पुसले आणि त्यांच्याजवळ खुर्ची ओढली.

"बाबा, हा वास नाही. अमोनिया नाकाच्या आत झोंबतो. ती नस वेगळी असते, ती तुमची शाबूत आहे."

त्यांनी डबी पुन्हा नाकाशी नेली. मग म्हणाले, "झोंबू दे. नाकात काहीतरी जिवंत आहे, हे तरी कळलं."

बिस्किटं ओव्हनमध्ये गेली तसे ते काचेसमोर बसले. आतल्या पिवळ्या उजेडात चपट्या चकत्या हळूहळू श्वास घेतल्यासारख्या फुगल्या. वायू बाहेर पडायला जागा हवी, म्हणून बिस्किटं पातळ ठेवायची, असं ती सांगत होती आणि ते मान डोलवत होते. दार उघडताच उग्र वाफ आली. तिने खिडक्या सताड उघडल्या. निवल्यावर बिस्किटांत त्या उग्रपणाचा मागमूसही नव्हता. बाबांनी एक मोडून खाल्लं आणि आवाज छान आहे म्हणाले.

त्यांना जे झोंबतं ते कळतं, हा विचार तिच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी तिने पिठात सुंठ आणि भरडलेली मिरी घातली. पहिल्याच घासाला उत्तमरावांचं नाक वाहू लागलं. त्यांनी रुमाल शोधला, नाक पुसलं आणि डोळे मिटून दुसरं बिस्किट सावकाश चावत राहिले. ऊन भिंतीवरून सरकत गेलं. ते मध्येच साताऱ्याकडच्या आपल्या गावाबद्दल बोलू लागले, आईच्या हातच्या सुंठवड्याबद्दल, आणि विनिता ओव्हन बंद करून ऐकत बसली.